गुलाबी खुणेचं पाकीट

जीभ जरा मागे न्या. अगदी शेवटच्या दाढेला लावा. लागली? आता असं समजा, की ती दाढ किडलेली आहे. गाल आतून सुजलाय आणि गार पाण्याचा घोट घेतला, की कळ थेट कानापर्यंत जाते. तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि आज डॉक्टर त्या दाढेत हत्यार घालणार आहेत.

भीती वाटली ना? मग आणखी एक समजून बघा. ते हत्यार काल दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडात होतं. तो माणूस कोण, तुम्हाला माहीत नाही. त्याला कसला आजार आहे का, हे कदाचित त्यालाही माहीत नसेल. काल त्याच्या तोंडातून निघालेलं हत्यार आज तुमच्या तोंडापर्यंत येतं, तेव्हा मध्ये ते एका बाईच्या हातातून जातं. या गोष्टीतल्या बाईचं नाव कमळ. आणि दुखरी दाढ होती तिच्याच लेकीची, उन्नतीची.

ही माणसं पूर्णा गावातली. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच एका गोडाऊनचा पत्रा उभा आहे. मे महिन्यात तो पत्रा सकाळी आठलाच तापतो आणि घरातल्या भांड्यांनाही हात लावून बघावा लागतो. उन्नतीचे वडील हिरामण काल्हेरच्या गोडाऊनमध्ये माल चढवायचे. मार्चमध्ये कपडे धुण्याच्या मशीनचं खोकं उचलताना त्यांच्या कमरेत चमक भरली, ती उतरलीच नाही. तेव्हापासून ते कमरेला पट्टा बांधून बाजेवर पडून होते. सुरुवातीला तर संडासला जायचं तरी कमळचा खांदा लागे. घरात एकटी कमळ कमावत होती, तीही धामणकर नाक्यावरच्या दातांच्या दवाखान्यात. आणि तिथे ती अजून कच्ची होती. डॉक्टरांनी तिला तीन महिने बघून मग ठरवतो म्हणून सांगितलं होतं. ते तीन महिने त्या शनिवारी संपत होते.

सकाळी कमळ गॅससमोर उभी होती. तिने पळीवर भाताचं एक शीत घेतलं, दोन बोटांत चिरडलं आणि गॅस बंद केला. तिची आई असंच करायची, सासूही असंच करायची. एक शीत शिजलं, की टोप शिजला.

"आज शनिवार हाय," हिरामण बाजेवरून म्हणाले.

"मना म्हाईत हाय."

"डॉक्टरीण आज सांगणार, ठेवणार का न्हाय ते."

"ते पण म्हाईत हाय. तुमची पेज झाकून ठेवलीय. उठताना खाटेला धरा, भिंतीला न्हाय. भिंत तापते."

हिरामणांनी कमरेचा पट्टा जरा ढिला केला. मग म्हणाले, "आजचा दिस काही चुकलं-बिकलं तरी तोंड मिटून ऱ्हा. गरिबाचं खरं कुणी इकत घेत न्हाय."

कमळने पिशवी खांद्याला अडकवली. उन्नती दारात चप्पल घालत होती. गालावर ओढणी दाबलेली, डोळे पाणावलेले.

"पप्पा, सुई टोचतील का?"

"मना कमरेत तीन टोचल्या. तुना एकच, ती पण दाढेला. तुझं काय ते रडणं!"

उन्नती हसली आणि कळ आल्यामुळे लगेच थांबली.

शेअर रिक्षात मागे चौघं आणि ड्रायव्हरच्या बाजूला दोघं. खड्डा आला की उन्नती दोन्ही हातांनी जबडा धरायची. कमळ तिच्या कानात सांगत होती, "दाढ काढायची न्हाय. मॅडम बोलल्यात, वाचवायची. आतली घाण काढली की दुखायचं थांबेल."

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. खाली कापडाचं दुकान आणि मागच्या गल्लीत लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट, इतका सवयीचा की बंद झाला तरच माणसं मान वर करत. डॉक्टर विद्युल्लता पन्नाशीच्या होत्या. वडील शाळामास्तर होते म्हणून की काय, त्या कुणालाही काही सांगताना आधी एक क्षण थांबत. कमळला त्या पहिल्या दिवसापासून 'कमळताई' म्हणत.

कमळचं काम बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्यात, अर्ध्या भिंतीच्या आड. वापरलेली हत्यारं तिथे येत. जाड हातमोजे घालून कमळ ती ब्रशने घासायची, धुवायची, पुसून कोरडी करायची आणि एकेक जोड पाकिटात घालून चिकटवायची. पाकिटाची एक बाजू कागदाची, एक पारदर्शक. कडेला गुलाबी खूण. मग ती पाकिटं मशीनमध्ये. मशीन म्हणजे एक भला मोठा कुकरच. कमळ त्याला कुकरच म्हणायची. आत दाबाची वाफ होते, ती पाकिटात शिरते आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू मारते. वाफ पोचली, की गुलाबी खूण तपकिरी होते. पहिल्या आठवड्यात कमळने घरी येऊन हे उन्नतीला इतक्या कौतुकाने सांगितलं होतं, की उन्नतीने ते शाळेतही सांगितलं.

शुक्रवारी दुपारभर वीज नव्हती. त्यामुळे कालची सगळी हत्यारं साठली होती. लग्नाचे दिवस, पेशंटची रीघ. शनिवारी सकाळचे पेशंट गुरुवारच्या पाकिटांवर निभले, पण अकराला खण रिकामा झाला. बाहेर सात माणसं बसली होती. धुतलेली चाळीस पाकिटं कुकरची वाट बघत होती आणि वीज पुन्हा कधी जाईल, याचा भरवसा नव्हता.

कुकरमध्ये तीन ताटल्या होत्या. एका ताटलीत आठ पाकिटं, सुटी सुटी, हे डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं. आठ त्रिक चोवीस. म्हणजे दोन फेऱ्या. एक फेरी पाऊण तासाची. कमळने घड्याळाकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मग चाळीसही पाकिटं एकावर एक रचली, कडा दाबल्या आणि दार आवळलं.

पाऊण तासाने शिटी झाली. दार उघडलं तसा वाफेचा भपका तोंडावर आला. कमळने पुढचं एक पाकीट चिमट्याने उचललं आणि उजेडात धरलं. खूण चांगली तपकिरी होती. एक बघितलं आणि पाकिटं निवल्यावर सगळी खणात ओतली.

चूक तिथेच झाली.

आतल्या खुर्चीवर तेव्हा केसरीनाथ पाटील बसले होते. शेजारच्या गावचे, चार गोडाऊनचे मालक, गळ्यात जाड साखळी. त्यांची अक्कलदाढ काढायची होती. डॉक्टरांनी नव्या सुईने इंजेक्शन दिलं होतं आणि त्यांचा अर्धा ओठ बधिर झाला होता.

"कमळताई, दाढेचं पाकीट आणा," आतून आवाज आला.

कमळने खणातून पाकीट काढलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि निघाली. वाटेत दाराजवळच्या स्टुलावर उन्नती बसली होती. पुढचा नंबर तिचाच. ट्रे तिच्या नाकासमोरून गेला.

उन्नतीने आईची ओढणी धरली.

"सोड गं."

"आई," ती हळूच म्हणाली, "हे गुलाबी हाय."

कमळने खाली बघितलं. खूण गुलाबी होती. थोडीही बदललेली नव्हती.

"गप ऱ्हा," ती म्हणाली. ते तिच्या तोंडून असंच निघून गेलं. ती वळली आणि कोपऱ्यात परत गेली.

खण उघडून तिने दुसरं पाकीट घेतलं. तपकिरी. तिसरं तपकिरी. चौथं गुलाबी. पाचवं अर्धवट, मळकट, ना धड इकडचं ना तिकडचं. मध्ये दाबलेल्या पाकिटांपर्यंत वाफ गेलीच नव्हती.

तपकिरी पाकीट उचलून आत द्यायचं, बाकीची मागे सारायची, एवढंच करायचं होतं. कुणाला कळलं असतं? पोरीला कळलं होतं, पण पोर गप्प बसली असती. सकाळचं हिरामणांचं बोलणं तिच्या कानात होतंच.

तिने खणातलं सगळ्यात गडद खुणेचं पाकीट शोधून बाजूला काढलं. हे उन्नतीला, असं मनात म्हणाली. आणि तिचा हात तिथेच थांबला. आपल्या लेकीसाठी आपण निवडून काढतोय. मग उरलेलं कुणाच्या तोंडात जाणार?

बाहेर बाकावर एक म्हातारी, एक गरोदर बाई आणि यंत्रमागावरचा एक कारागीर बसला होता. कमळने त्या तिघांकडे बघितलं. उन्नती तिच्याकडे बघत होती.

कमळ रिकाम्या हाताने आत गेली.

"मॅडम, थांबा. पाकिटं झाली न्हाईत."

"म्हणजे?"

"वाफ बसली न्हाय. म्या चाळीस एकदम घातली. एक बघितलं, ते झालं होतं. म्हणून सगळी झाली असं धरलं." ती न थांबता पूर्ण बोलली. "आजच्या फेरीतलं एकपण अजून वापरलं न्हाय."

डॉक्टर नेहमीसारख्या एक क्षण थांबल्या. तो क्षण कमळला फार मोठा वाटला.

केसरीनाथ खुर्चीत उठून बसले. बधिर ओठामुळे त्यांचे शब्द वाकडे येत होते, पण राग सरळ होता. "अगो, मग आता काय? मना सुई टोचून ठेवली आन आता बोलतेस झाली न्हाय? घरी काय धंदा करतेस, पापड वाळवतेस? डॉक्टरीणबाई, अशा बायका ठेवता तुम्ही?"

बाहेरचे सगळे दाराकडे बघू लागले. कमळने मान खाली घातली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पाटील," डॉक्टर म्हणाल्या, "तिने आत्ता सांगितलं नसतं, तर ते हत्यार तुमच्या हिरडीत गेलं असतं. मग तुम्ही मला काही बोलला नसतात, कारण तुम्हाला कळलंच नसतं."

केसरीनाथ पुन्हा काहीतरी बोलू लागले.

त्यांची सून विनिता बाहेर बसली होती. ती दारातून म्हणाली, "मामा, गप बसा जरा. लाळ गळतेय तुमची."

डॉक्टर बाहेरच्या खोलीत आल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हत्यारं पुन्हा वाफवायची आहेत. दोन तास लागतील, कदाचित जास्त. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबा, जायचं त्यांना सोमवारी पहिला नंबर. चूक दवाखान्याची आहे."

तिघं उठून गेले. गरोदर बाई जाताना काही पुटपुटली. यंत्रमागावरच्या कारागिराची तीनला शिफ्ट होती. तो चपला घालता घालता म्हणाला, "कोई बात नहीं मॅडम. लूम पे भी धागा टूटा तो मशीन रोकना पड़ता है. नहीं रोका तो पूरा थान खराब." आणि जिना उतरून गेला.

मग डॉक्टर कमळजवळ त्या कोपऱ्यात गेल्या. दोघींनी चाळीस पाकिटं ओट्यावर मांडली. उन्नती स्टूल घेऊन जवळ आली.

"तू हात लावायचा नाहीस," डॉक्टर तिला म्हणाल्या. "फक्त डोळे लाव. गुलाबी किती, ते सांग."

उन्नतीने बोट न लावता मोजलं. "अकरा गुलाबी. सहा मळकट."

"एक बघून सगळं झालं असं का धरलंत, कमळताई?"

कमळने एक मळकट पाकीट सरळ केलं. मग म्हणाली, "भाताचं बघते तसं बघितलं. एक शीत."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी ओट्यावर दोन पाकिटं शेजारी ठेवली, मग एकावर एक ठेवली. "टोपात पाणी उकळतं, ते प्रत्येक दाण्याच्या भोवती फिरतं. म्हणून एक शीत पुरतं. इथं वाफेला फिरायला वाट हवी. तुम्ही वाट बंद केलीत, तर एक पाकीट फक्त स्वतःचं सांगतं, शेजारच्याचं नाही. आणि खूण तपकिरी झाली म्हणजे वाफ पोचली, एवढंच. पुरता वेळ पोचली का, ते मशीनच्या घड्याळावर बघायचं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी आठ ठेवा म्हणाले, का ठेवा ते सांगितलं नाही."

"मग तपकिरी झालेली ठेवू का बाजूला?"

"नाही. फेरीच बिघडली. सगळी फोडायची, नव्या पाकिटात भरायची."

कमळने बाह्या वर सारल्या. चाळीस पाकिटं फोडणं, हत्यारं पुन्हा नीट बघणं, नवी पाकिटं चिकटवणं. डॉक्टर स्वतः शेजारी उभ्या राहून चिकटवत होत्या. पंखा कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हता. कमळच्या हनुवटीवरून घाम ओघळला, की ती मान वळवून खांद्याला पुसायची, हाताने नाही.

पहिल्या फेरीत चोवीस पाकिटं गेली, आठ-आठ, सुटी. वीस मिनिटं झाली आणि वीज गेली.

मागच्या गल्लीतले लूम थांबले. एकदम शांत झालं. केसरीनाथ बाकावर गालाला रुमाल लावून बसले होते. ते म्हणाले, "घ्या. देवाच्या पण मनात न्हाय."

"वीज आली की उरलेली वीस-पंचवीस मिनिटं चालवू का, मॅडम?" कमळने विचारलं.

"तुम्हीच सांगा."

कमळने मशीनकडे बघितलं. "न्हाय," ती सावकाश म्हणाली. "मधेच गार पडलं. पुन्हा पहिल्यापासून."

डॉक्टरांनी मान डोलावली.

वीज अडीचला आली. तोवर विनिताने सगळ्यांना हातपंख्याने आळीपाळीने वारा घातला होता आणि केसरीनाथांचा ओठ जागा झाला होता. त्यामुळे दाढ दुखायला लागली होती. जायचं म्हणून ते दोनदा उठले आणि दोनदा बसले. "जिना उतरताना ठणका लागतो," असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं.

सव्वातीनला शिटी झाली. कमळने आधी मशीनचं घड्याळ बघितलं. दार उघडून पाकिटं कोरडी होऊ दिली. मग एकेक पाकीट उचलून, उलटून, उजेडात धरून ओट्यावर ठेवलं. एक, दोन, तीन. चोवीसच्या चोवीस. ती घाई करत नव्हती. बाहेरचे सगळे मोजत होते, अगदी केसरीनाथसुद्धा.

ते पुन्हा खुर्चीवर बसले तेव्हा म्हणाले, "अगो बाय, माझं पाकीट आधी मना दाखव."

कमळने दाखवलं.

"ती खूण कुठं?"

"ही."

"ही तपकिरी का?"

"मामा, चष्मा लावा," विनिता बाहेरून ओरडली.

चष्मा लावून बघितल्यावर त्यांनी खुर्चीवर मान टेकली. पुन्हा इंजेक्शन झालं आणि पाकीट त्यांच्यासमोरच फोडलं गेलं. वीस मिनिटांनी दाढ निघाली. गालात कापूस धरून ते बाहेर आले, कमळसमोर थांबले आणि कापसामुळे बोलता येईना म्हणून तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यात राग होता की काय होतं, कमळला कळलं नाही. पण पायऱ्या उतरताना ते विनिताला बोटाने खूण आणि पाकीट असं काहीतरी समजावत होते.

पावणेपाच वाजले होते. दुसरी फेरीही पुरी झाली होती. डॉक्टर हात धुऊन टॉवेलने पुसत बाहेर आल्या.

"कमळताई, सोमवारी नऊऐवजी साडेआठला या."

"कशाला?"

"एक नवीन मुलगी येणार आहे कामाला. तिला पाकिटं कशी रचायची ते शिकवायचं. आणि का, तेही."

कमळ टॉवेलकडे बघत राहिली. "म्हणजे मना... ठेवलं?"

"चुकत नाही अशी बाई मला कुठे मिळणार? मीही चुकते. पण आज मला कुणीतरी वेळेवर थांबवलं."

कमळने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मग तिला आठवलं, की अजून काम संपलेलं नाही, आणि ती हात धुवायला गेली.

डॉक्टर उन्नतीकडे वळल्या. सकाळपासून तिने काहीच खाल्लं नव्हतं, गाल अजून सुजलेला होता. डॉक्टरांचेही डोळे थकले होते. "उन्नती, तू सोमवारी आलीस तरी चालेल. औषध देते, दुखणं थोडं कमी राहील. तूच ठरव."

मुलांनो, आता तुम्ही स्टुलावर बसला आहात. जिना समोर आहे. घरी जायला कुणी अडवत नाही आणि कुणी नावंही ठेवणार नाही. सुई आत आहे.

उन्नतीने जिन्याकडे बघितलं. मग ती उठली, आत गेली आणि मोठ्या खुर्चीवर चढली. पाय टोकापर्यंत पोचत नव्हते. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. कमळने पातळ हातमोजे चढवले, खणातून पाकीट आणलं आणि काही न बोलता लेकीसमोर धरलं. उन्नतीने खूण बघितली. तपकिरी.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. कमळने ते कडीला धरून लावलं आणि पाकीट फोडायला हात पुढे केला.

"आई, थांब."

"आता काय?"

"तू दाराच्या कडीला हात लावलास."

कमळ आपल्या बोटांकडे बघत राहिली. डॉक्टर तोंडावरच्या मास्कमागे हसल्या, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. कमळने ते हातमोजे काढून टाकले, हात धुतले, नवे घातले आणि दोन्ही पंजे लेकीसमोर उघडून दाखवले.

उन्नतीने ते नीट बघितले, एक आणि मग दुसरा. मग तिने डोक्यामागची उशी सरळ केली, डोळे घट्ट मिटले आणि तोंड मोठ्ठं उघडलं.